धोक्याचे शिक्षण आणि बंदीचा कायदा

अमली पदार्थांवरील बंदीचे समर्थन कोठूनही सुरू झाले तरी ते बहुधा मुलापाशी येऊन थांबते. प्रौढ माणसाने स्वतःच्या शरीराचे काय करावे हे शासनाने ठरवू नये, असे कोणी म्हटले, की त्याला विचारले जाते, हेच घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाबद्दल म्हणाल काय. आणि या प्रश्नापुढे स्वातंत्र्याचा कैवार घेणारा एक तर निरुत्तर होतो किंवा मुलांचा अपवाद मान्य करून घाईघाईने पुढे सरकतो. प्रत्यक्षात हा अपवाद असा ओलांडून जाण्याजोगा नाही, कारण सगळा वाद त्यातच अडकलेला आहे. मुलांचे रक्षण हे बंदीच्या बाजूचे सर्वांत बळकट कारण आहे, हे खरे. परंतु आपल्याकडे बंदी ज्या रीतीने रचली गेली ती रीत मुलांना धोक्याची ओळख करून देण्याच्या कामी फारशी उपयोगी पडत नाही, आणि पुष्कळदा त्या कामाच्या आडच येते.

या वादाची तात्त्विक मांडणी जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज विचारवंताच्या ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) या ग्रंथापासून करण्याची रीत आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. मिलचे ‘हानितत्त्व’ थोडक्यात असे, की एखाद्या प्रौढ व्यक्तीवर तिच्या इच्छेविरुद्ध सत्ता चालवायची तर ती इतरांना होणारी इजा टाळण्यासाठीच चालवता येते. व्यक्तीच्या स्वतःच्या हितासाठी तिची समजूत घालावी, तिला विनवावे, तिच्याशी वाद घालावा, पण सक्ती करू नये. मोडकळीस आलेल्या पुलावर पाऊल टाकणाऱ्याला इशारा देण्याइतकाही वेळ नसेल तर त्याला धरून मागे ओढणे योग्य. परंतु अपघात निश्चित नसून केवळ संभवनीय असेल, तर त्याला धोका सांगावा आणि जायचे की नाही हे त्याच्यावर सोडावे, असे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. मूल आणि भ्रमिष्ट माणूस यांना तो या नियमातून वगळतो. विषाच्या विक्रीबाबतही त्याचा कल बंदीकडे नाही. बाटलीवर धोक्याची चिठ्ठी लावण्याची आणि गिऱ्हाइकाची नोंद ठेवण्याची सक्ती त्याला रास्त वाटते.

मिलच्या उदाहरणांत चीनमध्ये अफू आणण्यावरील बंदीचाही उल्लेख आहे, आणि ती त्याला खरेदीदाराच्या स्वातंत्र्यावरचे अतिक्रमण वाटते. ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधील कचेरीत तो १८२३ पासून १८५८ पर्यंत नोकरीला होता, त्या कंपनीकडे बंगाल-बिहारच्या अफूचा मक्ता होता. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनकडे जाई तेव्हा तिच्यावर कंपनी शुल्क घेई, आणि मुंबईतील अनेक नामांकित व्यापारी घराण्यांची संपत्ती, व त्या संपत्तीतून उभी राहिलेली काही दानधर्माची कामेही, या व्यापाराशी जोडलेली होती. एवढ्याने तत्त्व खोटे ठरत नाही. मात्र ग्राहकाच्या स्वातंत्र्याची महती कोणी सांगू लागला, की त्या ग्राहकामागे विक्रेता कोण उभा आहे हे पाहून घ्यावे, इतकी सावधगिरी त्यातून घेता येते, आणि पुढे तिचा उपयोग होणार आहे.

मिलचे जे म्हणणे या वादात फारसे कोणी आठवत नाही ते अधिक मोलाचे आहे. माणसाचे सगळे बालपण समाजाच्या हाती असते, त्या काळात त्याला विवेकाने वागायला शिकवण्याची पूर्ण मुभा समाजाला असते. एवढे असूनही मोठ्या संख्येने माणसे वयाने वाढूनही मुलेच राहिली, दूरच्या परिणामांचा विचार करण्यास असमर्थ राहिली, तर त्याचा दोष समाजाने स्वतःकडे घ्यावा, असा त्याचा रोख आहे. म्हणजे मुलांना हानितत्त्वातून वगळणे ही केवळ सवलत उरत नाही, तर तिच्याबरोबर एक कर्तव्यही येते: ज्याला आज मनाई केली जात आहे त्याला उद्या मनाईशिवाय वागता येईल अशा तयारीने वाढवणे. मुलाला बंदीखाली ठेवण्याचा अधिकार हा शिक्षण देण्याच्या जबाबदारीवर उभा असतो. ती जबाबदारी टाळून नुसता अधिकार वापरला तर तो अठराव्या वर्षी संपण्याऐवजी जन्मभर चालवावा लागतो.

महाराष्ट्रात तर तो बराच काळ चालवावा लागतोच. येथे कडक मद्य पिण्यासाठी कायद्याने २५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. अठराव्या वर्षी मत देणारा, एकविसाव्या वर्षी विवाह करू शकणारा आणि त्याच वयात विधानसभेसाठी नसला तरी ग्रामपंचायतीसाठी उमेदवार होऊ शकणारा तरुण पेल्याच्या बाबतीत अज्ञान समजला जातो, आणि हा नियम पाळला जात नाही हे महाविद्यालयात शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते.

हानितत्त्वावरचा सर्वांत गंभीर आक्षेप व्यसनाच्या स्वरूपातून येतो. जो पदार्थ घेणाऱ्याची निवडण्याची शक्तीच पोखरतो, तो घेण्याच्या निवडीला स्वातंत्र्य म्हणायचे काय? स्वतःला गुलाम म्हणून विकण्याचे स्वातंत्र्य मिललाही मान्य नव्हते, कारण ते एकदा वापरले की स्वातंत्र्यच उरत नाही; मग गर्दची पहिली पुडी हा तसाच करार नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, पण तो सर्व पदार्थांना आणि सर्व माणसांना सारखा लागू होत नाही. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’च्या व्यसनोपचार केंद्राने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांचे पिणे मदतीची गरज भासावी इतके अपायकारक किंवा पराधीन झालेले आहे. हा आकडा दोन्ही बाजूंना अडचणीचा आहे. पिणाऱ्यांपैकी बहुसंख्य गुलाम झालेले नाहीत, म्हणून सरसकट बंदीला त्यांचा विरोध रास्त ठरतो. आणि सुमारे एक तृतीयांशांना ते साधलेले नाही, म्हणून ‘ज्याचे त्याने पाहावे’ हे उत्तर निर्दय ठरते. शिवाय या एक तृतीयांशांत आपण पडू की नाही, हे पहिल्या पेल्याच्या वेळी कोणालाच कळत नाही, आणि पेला जितक्या लहान वयात हाती येतो तितका धोका वाढतो. व्यसनाच्या आक्षेपाचा खरा भार, म्हणजे, प्रौढांपेक्षा किशोरवयावर पडतो.

घटनासमितीत हा वाद २४ नोव्हेंबर १९४८ रोजी झाला. आज अनुच्छेद ४७ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कलमात मादक पेये आणि आरोग्यास अपायकारक मादक द्रव्ये यांच्या सेवनावर, औषधी उपयोग वगळता, बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे शब्द घालावेत की नाही, असा प्रश्न होता. हे कलम राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांपैकी, म्हणजे राज्यकारभाराला दिशा देणारे पण न्यायालयामार्फत अमलात आणता न येणारे. कोल्हापूरचे प्रतिनिधी बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी व्यक्तिस्वातंत्र्याच्या भूमिकेवरून दारूबंदीला विरोध केला. छोटा नागपूरचे जयपाल सिंह यांनी आदिवासींच्या धार्मिक जीवनात तांदळाच्या दारूला असलेल्या स्थानाची आठवण करून दिली. आणि मुंबई प्रांताचे पंतप्रधान बाळासाहेब खेर, ज्यांच्या सरकारने ही बंदी टप्प्याटप्प्याने आणायला सुरुवातही केली होती, त्यांनी तिची बाजू मांडली. डॉ. आंबेडकरांनी हे केवळ मार्गदर्शक तत्त्व असून ते केव्हा आणि कसे अमलात आणायचे हे राज्यांच्या हाती राहील, असे सांगून विषय मिटवला. त्या कलमात तंबाखूचा नामनिर्देश नाही. ज्या पदार्थाने पुढच्या पंचाहत्तर वर्षांत कदाचित सर्वाधिक माणसे मारली तो बंदीच्या नैतिक चौकटीबाहेरच राहिला. धोक्याची उतरंड आणि निषेधाची उतरंड यांचा मेळ बसत नाही, हे तेव्हापासूनचे.

मुंबईचा दारूबंदी कायदा १९४९ चा. १९५० पासून प्रांतभर बंदी पूर्ण झाली, आणि तिला दिलेल्या आव्हानाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये एफ. एन. बलसारा खटल्यात दिला. बंदीचा गाभा न्यायालयाने वैध ठरवला, परंतु दोन-तीन गोष्टी बाजूला काढल्या. मद्यार्क असलेली औषधे व प्रसाधने यांच्या वापरावरील बंधन अवाजवी ठरले. आणि मादक पदार्थाची नुसती भलामण करणे हाही गुन्हा ठरवणारी तरतूद भाषणस्वातंत्र्याविरुद्ध म्हणून रद्द झाली. या दुसऱ्या मुद्द्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. पदार्थावर बंदी घालता येते, पण त्याच्याविषयीच्या बोलण्यावर नाही, असे न्यायालय म्हणत होते. प्रत्यक्ष समाजव्यवहारात मात्र नेमके उलटे घडले. पदार्थ मिळतच राहिला आणि त्याविषयीचे बोलणे घराघरांतून, शाळाशाळांतून बंद झाले.

तो मिळत कसा राहिला, हे मुंबईकरांना सांगायला नको. ज्याच्या प्रकृतीला मद्याची गरज आहे त्याला परवाना, ही कायद्यातली वाट. त्यामुळे ठणठणीत माणसे प्रकृतीच्या कारणाने परमिट घेऊ लागली. ज्यांना तेही जमत नव्हते ते वस्तीतल्या आंटीकडे जात, आणि तिच्याकडे येणारी हातभट्टी कोणत्या डब्यातून, कोणत्या टाकीतून आली हे विचारण्याची सोय नव्हती. १९६० च्या दशकात वसंतराव नाईक यांच्या सरकारने बंदी सैल केली, तरी परमिटाचा सांगाडा शिल्लक राहिला. जून २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली, तेव्हा दुकानात दारू मिळत होतीच. पण दुकानातली करभाराने महाग आणि गुत्त्यातली स्वस्त, आणि स्वस्तात मिथेनॉल, म्हणजे पिण्याच्या मद्यार्कासारखेच दिसणारे पण डोळे व प्राण घेणारे औद्योगिक रसायन. यावरून एक बोध असा निघतो, की संपूर्ण बंदी आणि अतिशय चढा कर यांचे दुष्परिणाम एकाच जातीचे असतात. मुलांच्या दृष्टीने या साऱ्या काळाने शिकवलेला धडा मात्र वेगळाच होता: कायदा हा सही करून बाजूला ठेवायचा कागद असतो, आणि मोठी माणसे ज्याला नाही म्हणतात ते तीच संध्याकाळी करतात. आषाढी अमावस्येला गटारीचा उत्साह पाहणाऱ्या आणि दुसऱ्या दिवशी श्रावणाचे सोवळे पाहणाऱ्या मुलाला निषेध आणि धोका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणी न सांगताच कळते.

दारूकडून इतर अमली पदार्थांकडे वळले की हाच दोष अधिक ठळक होतो. ब्रिटिश सरकारने १८९३-९४ मध्ये नेमलेल्या भांग-गांजा चौकशी आयोगाने हजाराहून अधिक साक्षी घेतल्या आणि वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदी तपासल्या. गांजाने वेड लागते या समजुतीचा मोठा आधार त्या नोंदी होत्या. पण वेडाचे कारण हा रकाना बहुधा पोलिसांच्या वा कारकुनाच्या अंदाजाने भरला जात होता आणि दुसरे कारण सापडले नाही की तेथे गांजा लिहिला जात होता, असे आयोगाला आढळले. मर्यादित सेवनाने सहसा विशेष अपाय होत नाही, अतिसेवनाने होतो, आणि संपूर्ण बंदी आवश्यकही नाही व इष्टही नाही. कर आणि परवाना यांनी नियंत्रण ठेवावे, असा निष्कर्ष त्याने काढला. त्या आयोगालाही महसुलाची फिकीर होती, हे विसरू नये. तरी पुराव्याची छाननी करण्याची त्याची पद्धत पुढच्या शतकातल्या बहुतेक कायदेमंडळांपेक्षा सरस होती.

१९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने गांजाच्या बिनवैद्यकीय वापरासाठी पंचवीस वर्षांची मुदत दिली, आणि ती संपत येत असताना भारतात १९८५ चा एनडीपीएस कायदा, म्हणजे गुंगीकारक औषधे व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ यांसंबंधीचा कायदा, संमत झाला. तो अमलात आला १४ नोव्हेंबर १९८५ रोजी, बालदिनी; हा योगायोगच, पण बोलका. या कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, त्यामुळे नुसत्या पानांची भांग सुटते. एकाच झाडाचा शेंडा गुन्हा आणि पान थंडाईत, अशी स्थिती झाली. अल्प प्रमाणाची मर्यादा गांजासाठी १ किलो आणि हेरॉइनसाठी ५ ग्रॅम आहे, म्हणजे पदार्थापदार्थांतील तफावत कायद्याला अजिबात कळत नाही असे म्हणता येत नाही. परंतु ही तफावत परिशिष्टातल्या तक्त्यात राहते. जाहीर भाषणात, भिंतीवरच्या फलकात, शाळेतल्या शपथेत ‘ड्रग्ज’ हा एकच राक्षस उरतो. गांजा ओढून पाहिलेल्या आणि त्याने दुसऱ्या दिवशी काही बिघडले नाही हे अनुभवलेल्या मुलाला मग वाटते, की मोठ्यांनी एकाबद्दल खोटे सांगितले तसे बाकीच्यांबद्दलही सांगितले असणार. आणि ज्या एमडीबद्दल, म्हणजे मेफेड्रोनबद्दल, सांगितलेले अक्षरन् अक्षर खरे होते तेही तो मोडीत काढतो. हे मेफेड्रोन २०१५ च्या फेब्रुवारीपर्यंत या कायद्याच्या यादीतच नव्हते. मुंबईत ते तोवर चांगलेच पसरले होते. यादी रसायनाच्या मागून धावते, कारण प्रयोगशाळेत रेणू किंचित बदलणे हे अधिसूचना काढण्यापेक्षा सोपे असते.

येथपर्यंतच्या विवेचनावरून सगळे खुले करावे असा निष्कर्ष काढणाऱ्याने मुंबईच्या गिरणगावाचा इतिहास पाहावा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत परवानाधारक दुकानांतून अफू राजरोस मिळत असे, आणि गिरणीत दहा-दहा तास उभ्या राहणाऱ्या बाया तान्ह्या मुलाला अफूची बाळागोळी देऊन कामाला जात. ते दुष्टपणाने केलेले नव्हते. मूल सांभाळायला कोणी नव्हते, पाळणाघर नव्हते आणि गोळी पैशाला होती. मूल निपचित पडे, दूध कमी पिई, सुकत जाई. येथे कोणाच्या स्वातंत्र्याचा प्रश्न होता? घेणाऱ्याला मत नव्हते, देणारीला पर्याय नव्हता आणि विकणाऱ्याला व त्याच्यावर अबकारी घेणाऱ्या सरकारला काळजी नव्हती. ही प्रथा ओसरण्यात अफूची दुकाने कमी होण्याचा वाटा होता, तसाच बाळंतपणाची रजा, दाया आणि परिचारिकांचा प्रचार यांचाही होता. पदार्थ सहज हाताशी असणे हीच एक स्वतंत्र हानी आहे, आणि ती आधी दुर्बळांना लागते, हे स्वातंत्र्यवादी मांडणीत बहुधा सुटून जाते.

मात्र हाताशी असण्यावर कायद्याने किती आवर घालता येतो, याची मर्यादा मुलांच्याच उदाहरणाने सर्वांत स्पष्ट दिसते. वर उल्लेख केलेल्या पाहणीत ज्याचे सेवन प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आहे असा एकच प्रकार निघाला, आणि तो म्हणजे हुंगून घ्यायचे पदार्थ: खाडाखोडीचा व्हाइटनर, पंक्चर काढायचे सोल्युशन, थिनर. अशा सुमारे ४.६ लाख मुलांना मदतीची गरज आहे, असा त्या पाहणीचा अंदाज होता. फलाटावर रुमाल तोंडाशी धरून बसलेली मुले कोणत्याही रेल्वे स्थानकात दिसतात. त्यांचा पदार्थ कोणत्याही सीमेवरून चोरून येत नाही. तो वह्या-पेन्सिलींच्या किंवा सायकलींच्या दुकानात मिळतो, आणि त्याच्यावर एनडीपीएस लागू करायचा तर रंगारी आणि चांभार यांचे काम थांबवावे लागेल. म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत निराधार व्यसनींपर्यंत बंदीचा हात पोचतच नाही. त्यांना निवारा लागतो, खायला लागते, शाळेत परत घेणारे कोणी लागते. त्यांची नशा भूक आणि थंडी विसरण्यासाठी असते.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये मुलांमधील व्यसनांची देशव्यापी पाहणी करण्याचा आणि शालेय अभ्यासक्रमात या विषयाला जागा देण्याचा आदेश दिला. जागा देणे म्हणजे काय, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी १९८३ मध्ये ‘डेअर’ नावाचा उपक्रम सुरू केला; गणवेशातला पोलीस वर्गावर येऊन नशेचे दुष्परिणाम सांगे आणि नाही म्हणायला शिकवी. तो देशभर पसरला, लोकप्रिय झाला, पालकांना आवडला; आणि १९९० च्या दशकात त्याच्या परिणामांचे जे अभ्यास झाले त्यांत मुलांच्या प्रत्यक्ष सेवनावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ आढळला नाही. भीती आणि शपथ यांवर रचलेल्या शिकवणुकीची ही गत आहे. तरीही आपल्याकडे २६ जूनच्या अमली पदार्थविरोधी दिनी होते ते बव्हंशी तेच: प्रभातफेरी, घोषवाक्य, चित्रकला स्पर्धा, ज्यात कवटी, साप आणि सिरिंज हमखास असतात. हा सोहळा मुलांसाठी असल्यापेक्षा मोठ्यांच्या समाधानासाठी अधिक असतो.

धोक्याचे शिक्षण म्हणजे प्रमाणाचे शिक्षण. कोणता पदार्थ किती प्रमाणात, कोणत्या वयात, कोणत्या मार्गाने आणि कशाबरोबर घेतला असता काय करतो. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र घेतल्या तर श्वास का थांबतो. आजी ज्या मिश्रीने दात घासते तिच्यातली तंबाखू तोंडाच्या कर्करोगाला कशी कारण होते. व्हाइटनर हुंगल्याने हृदय अचानक कसे थांबू शकते. बेशुद्ध पडलेल्या मित्राला उताणा न ठेवता कुशीवर का वळवावे आणि पोलिसांच्या भीतीने त्याला तसाच टाकून का पळू नये. हे सांगणे म्हणजे शिकवणे. पोहायला न शिकवता विहिरीला कुंपण घालणारा माणूस कुंपण एका जागी तुटेपर्यंतच निश्चिंत असतो. यावर ठराविक हरकत अशी, की एवढे सांगितले तर ज्यांच्या मनात नाही त्यांच्याही मनात येईल. २००७ मध्ये केंद्राचा किशोरवयीन शिक्षण कार्यक्रम महाराष्ट्रासह काही राज्यांनी थांबवला तो प्रामुख्याने लैंगिक शिक्षणाच्या संदर्भात याच भीतीने; त्या कार्यक्रमात व्यसनप्रतिबंधाचाही भाग होता, तो ओल्याबरोबर सुकेही जळावे तसा गेला. माहितीने कुतूहल वाढते, ही भीती अगदी निराधार नाही. चौथीच्या मुलाला हेरॉइनचा तपशील सांगण्यात शहाणपण नाही, आणि वयानुसार काय सांगायचे हे ठरवणे कठीण काम आहे. परंतु पर्याय अज्ञानाचा नसतो. पर्याय असतो तो वर्गमित्राचा, फोनवरच्या चित्रफितीचा आणि नाक्यावर पुडी विकणाऱ्याचा, आणि हे तिघेही माहिती मोकळ्या हाताने देतात.

या पार्श्वभूमीवर गडचिरोलीचे उदाहरण वेगळ्या प्रकारचे आहे, आणि बंदीला विरोध करणाऱ्यांनी ते टाळू नये. तेथे १९९३ मध्ये जिल्हा दारूबंदी आली ती लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, दीर्घ चळवळीतून; डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे काम तिच्यामागे होते. राज्यात अन्यत्र गावातले दुकान बंद करण्यासाठी स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला आणि मतपत्रिकेवरची आडवी बाटली ही अनेक गावांतली परिचित खूण झाली. मजुरीचे पैसे गुत्त्यात जाणे, मार खाणे, मुलांची शाळा सुटणे या इतरांना झालेल्या हानी आहेत. मिलच्याच तत्त्वाने त्यांना उत्तर मागता येते. शिवाय आडव्या बाटलीने बंद होते ते दुकान, पिणारा तुरुंगात जात नाही. विक्रीवरचा निर्बंध आणि सेवनाचा गुन्हा यांतील हा भेद आपल्या सगळ्या वादात पुसट झाला आहे. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ मध्ये आलेली बंदी २०२१ मध्ये उठवली गेली, ती चोरटी दारू आणि गुन्हेगारी वाढल्याचे कारण देऊन. गडचिरोलीतही चोरटी दारू येतेच. स्थानिक संमती ही बंदीच्या यशाची हमी नव्हे. पण ज्यांना झळ लागते त्यांनी घातलेला निर्बंध आणि सचिवालयातून उतरलेला निर्बंध यांची नैतिक पत सारखी नसते.

सेवनाच्या गुन्ह्याबाबत मात्र फार काळ घुटमळण्याची गरज नाही. एनडीपीएसच्या कलम २७ नुसार सेवनाला सहा महिने ते एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते, आणि कलम ६४-अ नुसार उपचाराला स्वतः तयार होणाऱ्या व्यसनीला खटल्यापासून सूट मिळू शकते. कायद्यात अशी दोन दारे आहेत, पण बहुतेक घरांना फक्त पहिले माहीत असते. पोर्तुगालने २००१ पासून सुमारे दहा दिवसांच्या सेवनाइतका साठा जवळ असणे हा फौजदारी गुन्हा राहू दिला नाही. विक्री गुन्हाच राहिली, आणि सापडलेल्या माणसाला न्यायालयाऐवजी डॉक्टर, समाजसेवक व कायदेतज्ज्ञ यांच्या मंडळापुढे नेण्याची सोय केली. याला निर्गुन्हेगारीकरण म्हणतात, आणि ते खुल्या बाजारापेक्षा वेगळे आहे. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी उभारलेल्या ‘मुक्तांगण’ने कायदा न बदलताही हाच भेद अमलात आणून दाखवला: गर्दुल्ला म्हणून हिणवला जाणारा माणूस तेथे रुग्णमित्र म्हणून आला.

खुल्या बाजाराबद्दल आस्था बाळगण्यासारखे काही नाही. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातल्यावर सुपारी आणि तंबाखू वेगवेगळ्या पुड्यांत विकणारा, दारूच्या नावाचा सोडा आणि गुटख्याच्या नावाची वेलची जाहिरातीत नाचवणारा उद्योग मुलांपर्यंत कसा पोचतो, हे दूरचित्रवाणीवर कोणत्याही क्रिकेट सामन्यात पाहता येते. प्रौढाच्या खाजगी निवडीचा आदर करणे आणि त्या निवडीच्या जाहिरातीला रान मोकळे करून देणे, यांत दुसरी गोष्ट पहिलीतून निघत नाही. बलसारा निकालाने भलामणीचे स्वातंत्र्य मान्य केले ते नागरिकाचे. ते उद्योगाच्या जाहिरात-खात्याला आपोआप मिळू नये.

राहतो प्रश्न शाळेचा. बालन्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७७ व ७८ नुसार मुलाला दारू, तंबाखू वा अमली पदार्थ देणारा आणि त्याच्याकडून तो विकवून घेणारा सात वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र होतो, आणि हा कायद्याचा सर्वांत न्याय्य भाग आहे, कारण तो मुलाला बळी मानतो. त्याच मुलाच्या दप्तरात पुडी सापडली की पुष्कळ शाळांची पहिली प्रतिक्रिया दाखला हातात देण्याची असते. नववीतल्या मुलाला दाखला देणे म्हणजे त्याला दिवसभर ज्या नाक्यावर ती पुडी मिळाली तेथे पाठवणे. वर्गात शिक्षकाने कितीही चांगला पाठ घेतला, तरी तास संपल्यावर एखादा विद्यार्थी मागे थांबून ‘सर, मी घेतलंय’ असे म्हणाला तर पुढे काय होईल, हे त्या विद्यार्थ्याला आधीच ठाऊक असते, आणि म्हणून तो थांबत नाही. शिक्षण खात्याने अभ्यासक्रमात धडा घालण्यापूर्वी हा नियम बदलावा: स्वतःहून सांगणाऱ्या किंवा केवळ सेवन करताना आढळलेल्या विद्यार्थ्याला शाळेतून काढता येणार नाही, शिक्षकाने ते पोलिसांना नव्हे तर समुपदेशकाला आणि पालकांना कळवावे, आणि समुपदेशक तालुक्याच्या ठिकाणी तरी असावा. यासाठी संसदेत जावे लागत नाही. शासननिर्णय पुरेसा आहे.